नाशिकमध्ये राहून ध्रुवीय अस्वलांवरच्या प्रदूषण-संशोधनासाठी निधी कसा मिळवावा

ध्रुवीय अस्वलाच्या शरीरातली विषारी रसायने हा विषय नाशिकच्या विद्यार्थ्याने का घ्यावा? घरी, विभागात आणि मुलाखतीत हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर तयार ठेवा.

आपल्या आजोबांच्या पिढीने शेतात गॅमेक्झिन आणि बीएचसी पावडर पोत्यांनी वापरली. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. या जातीची रसायने उष्ण प्रदेशात बाष्प होऊन उडतात, वाऱ्याबरोबर टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकतात आणि थंडीत खाली बसतात. तिथे ती प्लवकांतून माशांत, माशांतून सीलच्या चरबीत आणि सीलमधून अस्वलात जातात. प्रत्येक पायरीला त्यांचे प्रमाण वाढत जाते. अस्वल साखळीच्या टोकाला असल्याने सगळा साठा त्याच्या वाट्याला येतो. ज्या प्रदेशात ते रसायन कधी शिंपडलेच नाही, तिथल्या प्राण्याच्या रक्तात ते सापडते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशातही पारा असतो, आणि वायुरूप पारा हवेत कित्येक महिने टिकतो. म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे मला वाटत नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून काही काळ द्राक्षांच्या रेसिड्यू तपासणीत, म्हणजे फळात उरलेले औषधांचे अंश मोजण्यात, काम केले आणि तिथून या क्षेत्रात आले. या वाटेवर माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते आणि बरीचशी चुकीच्या क्रमाने मिळते. तो क्रम इथे नीट लावून देते.

१. प्रश्न ठरवा, अस्वल नंतर

‘मला ध्रुवीय अस्वलांवर काम करायचे आहे’ या वाक्याला कुणीही पैसे देत नाही. निधी मिळतो तो नेमक्या प्रश्नाला. उदाहरणार्थ, बंदी आलेल्या बीएचसीचे प्रमाण अस्वलांत खरोखर कमी होते आहे का? बर्फ आटल्यामुळे अस्वलांचा आहार बदलला, तर त्यांच्यातला पारा वाढतो की घटतो? जुन्या रसायनांच्या जागी बाजारात आलेली नवी पीएफएएस (फ्लोरिन असलेली, न विघटणारी) रसायने आर्क्टिकपर्यंत पोचली आहेत का?

प्रश्न लिहिताना तो आंतरराष्ट्रीय कराराशी जोडा. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार २००१ चा, तो २००४ मध्ये लागू झाला आणि भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. एन्डोसल्फान त्या यादीत २०११ मध्ये आले, पीएफएएस गटातले पीएफओएस २००९ मध्ये. पाऱ्यासाठी २०१३ चा मिनामाता करार आहे. ‘या कराराचा परिणाम मोजण्यासाठी भारताकडे स्वतःचे तज्ज्ञ हवेत’ हा मुद्दा दिल्लीतल्या समितीला लगेच पटतो, आणि तो खराही आहे.

२. नमुने कुणाकडे आहेत ते शोधा

नवखे विद्यार्थी ही पायरी सर्रास गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

ध्रुवीय अस्वल कॅनडा, ग्रीनलँड, नॉर्वे, रशिया आणि अमेरिकेचे अलास्का इथेच आढळते. या पाच देशांनी १९७३ मध्ये त्याच्या रक्षणाचा करार केला. जिवंत अस्वलाला हेलिकॉप्टरमधून बेशुद्ध करून रक्त आणि चरबी घेणे हे काम त्या त्या देशाच्या अधिकृत संस्था करतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ते नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट करते, अलास्कात अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था. ग्रीनलँड आणि कॅनडात तिथले मूळ रहिवासी इनुइट लोक परंपरेने, ठरलेल्या कोट्यात शिकार करतात. त्या शिकारीतले ऊतींचे नमुने संशोधनाला मिळतात. पूर्व ग्रीनलँडच्या नमुन्यांवर डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठात अनेक वर्षे काम चालू आहे.

थोडक्यात, अस्वलापर्यंत तुम्ही स्वतः जाणार नाही. वर्षानुवर्षे उणे तापमानात जपून ठेवलेल्या नमुन्यांपर्यंत किंवा आधीच मोजलेल्या आकड्यांपर्यंत तुम्हाला पोचायचे आहे. त्यासाठी त्या गटांचे गेल्या काही वर्षांतले शोधनिबंध वाचा. संबंधित लेखकाला एक छोटा ई-मेल लिहा: तुम्ही कोण, कोणते यंत्र चालवता येते, त्यांच्या कोणत्या निबंधातला कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे. एवढे पुरे. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा, शंभर जणांना एकदम पाठवलेला मजकूर कुणी वाचत नाही. उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग पुढच्या गटाकडे वळा.

त्यांच्याकडून हवे असते ते एका पानाचे पत्र: ‘निधी मिळाल्यास आम्ही इतके नमुने किंवा ही माहिती उपलब्ध करून देऊ.’ हे पत्र हातात नसेल तर पुढचा कोणताही अर्ज भरू नका.

३. नाशिकची जमेची बाजू ओळखा

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक औषधाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना तो हंगाम अजून आठवतो. त्या फटक्यानंतर रेसिड्यू तपासणी हा आपल्या भागाचा रोजचा व्यवहार झाला. एमआरएल, म्हणजे मालात चालणाऱ्या औषध-अंशाची कमाल मर्यादा, काय असते हे इथल्या शेतकऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाही. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यासाठी संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि त्या पद्धतीत तयार झालेली मुले आपल्याकडे भरपूर आहेत.

अस्वलाच्या चरबीतला बीएचसी ज्या यंत्रावर मोजतात त्याच जातीच्या यंत्रावर, म्हणजे जीसी-एमएस-एमएसवर, आपण द्राक्षातली औषधे मोजतो. पीएफएएससाठी एलसी-एमएस-एमएस लागते, तेही इथे माहीत आहे. फरक आहे नमुना तयार करण्यात. द्राक्षाची क्वेचर्स पद्धत चरबीला जशीच्या तशी चालत नाही. आधी चरबी काढून टाकावी लागते, सिलिका स्तंभातून किंवा सल्फ्युरिक आम्लाने. आम्ल वापरले तर पीसीबी (विद्युत-यंत्रांच्या तेलात पूर्वी वापरलेले रसायन) टिकते, पण डायएल्ड्रिनसारखी काही रसायने नष्ट होतात. अशा एका वाक्याने परीक्षकाला कळते की अर्जदाराने प्रयोगशाळेत खरोखर हात घातलेला आहे.

शक्य असेल तर अर्जाआधी घरच्या मैदानावर छोटी प्राथमिक मोजणी करा. बाजारातल्या गोड्या पाण्यातल्या माशांतला पारा हा चांगला विषय आहे. नांदूरमधमेश्वरला हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांतला पारा हा त्याहून सुंदर विषय, कारण त्यात आर्क्टिकचा धागा आहे. मात्र ते अभयारण्य आहे. जमिनीवर पडलेले पीस उचलायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. तोंडी होकारावर काम सुरू करू नका, पुढे निबंध छापताना तो कागद मागतात.

४. पैसा कुठे आहे

एकाच ठिकाणाहून सगळा खर्च निघेल अशी योजना माझ्या पाहण्यात नाही. चार थर कल्पून एकावर एक रचा.

पहिला थर तुमच्या पोटापाण्याचा. पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती सगळ्यात भरवशाची. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती दरवर्षी एकाच महिन्यात येत नाहीत, म्हणून संकेतस्थळ पाहत राहा. शिक्षणात खंड पडलेल्या महिलांनी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीएच.डी. योजना जरूर पाहावी. दोन अधिछात्रवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत आणि तसे हमीपत्र लिहून द्यावे लागते.

दुसरा थर प्रयोगशाळेच्या खर्चाचा. पूर्वी जे काम एसईआरबी हे केंद्राचे संशोधन-निधी मंडळ करत असे ते आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, करते. त्यांचा अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने होत नाही, नोकरीत कायम असलेल्या प्राध्यापकांच्या नावाने होतो. म्हणून तुमच्या गाईडना आधी पटवा आणि अर्जाचा कच्चा मसुदा तुम्ही स्वतः लिहून द्या. मुंबईचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही राज्यातल्या संस्थांच्या प्रकल्पांना मदत करतो. तिथे मात्र महाराष्ट्राला होणारा उपयोग ठळकपणे दाखवावा लागतो, त्यामुळे अस्वलापेक्षा पारा आणि रेसिड्यूचा भाग पुढे ठेवा.

तिसरा थर आर्क्टिकला जाण्याचा. इथे आपल्या देशाची सोय उत्तम आहे आणि ती फार थोड्या जणांना माहीत असते. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. ते गोव्याची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था, एनसीपीओआर, चालवते. या संस्थेकडून आर्क्टिक मोहिमांसाठी प्रस्ताव मागवले जातात आणि महाविद्यालये-विद्यापीठेही अर्ज करू शकतात. २०२२ च्या भारताच्या आर्क्टिक धोरणात विज्ञान आणि पर्यावरण-संरक्षण हे स्वतंत्र स्तंभ आहेत, त्यांचा आधार घ्या. मात्र हिमाद्रीवरून अस्वलांचे नमुने घेण्याचा प्रस्ताव देऊ नका, तो टिकणार नाही. बर्फ, हवा, समुद्रतळाचा गाळ किंवा प्लवक यांतली तीच रसायने मोजण्याचा प्रस्ताव द्या. अस्वलाच्या अन्नसाखळीचा पाया तुम्ही मोजता आणि तिचे टोक नॉर्वे किंवा डेन्मार्कचा गट मोजतो, अशी जोडणी समितीला आवडते आणि विज्ञानातही ती भक्कम ठरते.

चौथा थर परदेशी. पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्यांना फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपमधून काही महिने अमेरिकेत काम करता येते. अलास्काच्या नमुन्यांसाठी ही योग्य वाट. पीएच.डी.नंतर युरोपची मारी क्युरी फेलोशिप. तिची एक अट आपल्या पथ्यावर पडते: यजमान देशात गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. पोलर बेअर्स इंटरनॅशनल ही संस्था अस्वलांवरच्या संशोधनाला हातभार लावते, पण तिच्याकडेही तिथल्या सहकाऱ्याबरोबरच जावे. आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समितीची फेलोशिप आणि तरुण ध्रुवीय शास्त्रज्ञांची ‘एपेक्स’ ही संघटना यांतून पैसा थोडा येतो, ओळखी मात्र खूप होतात.

आणखी एक वाट. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पीएच.डी. ही पगारी नोकरी असते, तिची जाहिरात निघते आणि तुम्ही तिला सरळ अर्ज करू शकता. घरची जबाबदारी आड येत नसेल आणि विषयात खरा जीव असेल, तर मी ही वाट आधी सुचवेन. प्रकल्प आणि नमुने तिथे आधीच असतात.

५. परदेशी पैसा कुणाच्या खात्यात येणार?

बरेच चांगले प्रस्ताव या एका प्रश्नावर अडतात. खासगी शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयाला परदेशी अनुदान घ्यायचे असेल तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ती रक्कम दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येऊ शकते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडे आलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे ‘पुण्याच्या संस्थेमार्फत घेऊ’ हा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

अर्ज लिहिण्याआधी कार्यालयात जाऊन नोंदणी आहे का आणि तिची मुदत संपलेली नाही ना, हे विचारा. नोंदणी नसेल तर अनुदान परदेशी यजमानाकडेच राहू द्या: तुमचा प्रवास, निवास आणि विश्लेषणाचा खर्च त्यांनी तिथेच करावा. शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन थेट विद्यार्थ्याला मिळत असेल तर कायद्यात त्याला वेगळी सूट आहे. तरी सनदी लेखापालाला पत्र दाखवून घ्या.

६. प्रस्तावातली विज्ञानाची बाजू

परीक्षक विषयातला असेल तर तो पुढच्या जागा आधी पाहतो.

कोणते रसायन कोणत्या ऊतीत? पीसीबी, क्लोर्डेन, बीएचसी चरबीत साठतात. पीएफओएस चरबीत साठत नाही, ते प्रथिनांना चिकटते, म्हणून यकृत आणि रक्त पाहावे लागते. पाऱ्यासाठी केसही चालतात. ‘सर्व प्रदूषके चरबीत साठतात’ असे एक वाक्य लिहिलेत की विश्वास संपला. २००१ मध्ये अस्वलांसह जगभरच्या वन्यजीवांत पीएफओएस दाखवून देणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक, कुरुंथाचलम कन्नन, मूळचे भारतीय आहेत. त्यांचा तो निबंध जरूर वाचा.

नर की मादी, वय किती, कोणता ऋतू? मादी दुधातून पिल्लाला ही रसायने देते, म्हणून तिच्यातले पीसीबी नरापेक्षा कमी असू शकते. उपासाच्या काळात चरबी वितळली की तीच रसायने रक्तात वर येतात. त्यामुळे वसंतातला नमुना आणि शरदातला नमुना शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते.

परिणामांबद्दल किती दावा करायचा? अस्वलावर नियंत्रित प्रयोग होत नाहीत. संप्रेरके आणि प्रदूषके यांचा ‘संबंध आढळतो’ इथवरच म्हणता येते. म्हणूनच ग्रीनलँडमध्ये स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवर अभ्यास झाले. प्रदूषणामुळे अस्वले नष्ट होत आहेत असे छातीठोकपणे लिहू नका. समुद्री बर्फ कमी होणे हा त्यांच्यापुढचा मुख्य धोका आहे आणि रसायने त्यात भर घालतात.

७. अंदाजपत्रक

यंत्र मागू नका. कोटीभराचे यंत्र मागणारा नवखा प्रस्ताव पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली वापरायला मिळणारी यंत्रे दिसतात. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. तिथला दर छापून अर्जाला जोडा.

खरा खर्च असतो कार्बन-१३ लावलेल्या प्रमाणित रसायनांचा. ती आयात करावी लागतात, महाग असतात आणि यायला महिने लागतात. प्रमाणित संदर्भ-नमुने, जीसीचे स्तंभ, हेलियम, कोरडा बर्फ घालून पाठवायचे कुरिअर हे सगळे स्वतंत्र ओळींत लिहा. दर काही नमुन्यांमागे एक कोरी (नमुना न घालता केलेली) चाचणी लागते, तीही मोजणीत धरा. पीएफएएस शोधणार असाल तर प्रयोगशाळेतले टेफ्लॉनचे भाग बदलावे लागतात, कारण त्यातूनच ते रसायन नमुन्यात येते.

८. परवाने आणि प्रवास

ध्रुवीय अस्वल साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. चिमूटभर केस किंवा एक मिलिलिटर रक्तही परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात साइट्सची स्वतंत्र तरतूद आली, शिवाय प्राणिजन्य वस्तू म्हणून पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना लागतो. माझा स्पष्ट सल्ला: पहिल्या प्रकल्पात नमुने इकडे आणू नका. तुम्ही तिकडे जा, तिथल्या यंत्रावर मोजा आणि आकडे घेऊन या.

स्वालबार्डमधल्या क्षेत्रीय कामाची नोंद ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या पोर्टलवर करावी लागते, आणि कामाच्या स्वरूपानुसार तिथल्या गव्हर्नरची परवानगी घ्यावी लागते. कॅनडात इनुइट वस्त्यांची संमती हा संशोधन-परवान्याचाच भाग असतो, त्यासाठी पुरेसे महिने राखून ठेवा.

व्हिसाचा सापळा लक्षात घ्या. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथे जायला ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरून जावे लागते आणि ते शेंगेन (युरोपच्या सामाईक व्हिसाचे) क्षेत्र आहे. स्वालबार्डला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत शिरता. म्हणून किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागा.

९. कागदपत्रांची फाईल

ही एकदाच नीट तयार करा आणि स्कॅन करून ठेवा:

- पीएच.डी. नोंदणीचे विद्यापीठाचे पत्र आणि बोनाफाईड. नोंदणी व्हायची असेल तर आपल्या महाविद्यालयात त्या विषयाचे विद्यापीठमान्य संशोधन केंद्र आहे का, हे आधी पाहा
- प्राचार्यांचे सहीशिक्क्याचे संमतिपत्र, गाईडचे पत्र
- परदेशी गटाचे नमुने किंवा माहिती देण्याचे पत्र, शक्यतो त्यांच्या परवान्याच्या प्रतीसह
- जिवंत प्राण्यावर प्रयोग नाही, असे संस्थेच्या प्राणी-नीती समितीचे पत्र
- दोन पानी परिचयपत्र आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख-क्रमांक
- तीन पुरवठादारांची दरपत्रके
- जात प्रमाणपत्र, वैधता, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर
- पासपोर्ट, किमान दीड-दोन वर्षे मुदत शिल्लक असलेला

सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. वडिलांचे नाव कुठे मधे, कुठे शेवटी असे असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

१०. मंजुरी आल्यावर, किंवा न आल्यावर

मंजुरीपत्र आले की त्यातली हेडनिहाय रक्कम वाचा. एका हेडचा पैसा दुसऱ्यावर परवानगीशिवाय खर्च करता येत नाही. खरेदी बहुतेक वेळा जेम या सरकारी पोर्टलवरून करावी लागते, आणि वर्षअखेरीस युटिलायझेशन सर्टिफिकेट व खर्चाचे विवरण वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो. लेखा विभागातल्या ज्या व्यक्तीकडे तुमची फाईल असेल तिला प्रकल्प काय आहे ते पहिल्याच आठवड्यात शांतपणे समजावून सांगा. तिला विषय कळला की तुमची बिले विनाकारण टेबलावर पडून राहत नाहीत.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. त्यात ‘नमुन्यांची उपलब्धता अस्पष्ट’ असे लिहिले असेल तर पायरी २ वर परत जा. ‘राष्ट्रीय उपयोग अस्पष्ट’ असे असेल तर पायरी १ मधला कराराचा भाग नव्याने लिहा. आणि परदेशातल्या गटाला निकाल त्याच आठवड्यात कळवा. तुमच्यासाठी बाजूला ठेवलेले नमुने पुढच्या फेरीपर्यंत राखायचे की दुसऱ्या कुणाला द्यायचे, हे त्यांना ठरवायचे असते.